काढता येईल असं जोडा

भोपाळच्या अरेरा कॉलनीतून माझ्या बहिणीच्या मुलाचा फोन आला तेव्हा मे महिना होता आणि बारावीची परीक्षा नुकतीच संपली होती. "मावशी, आपला एअरपोर्ट बिघडलाय. लवकर ये." गेले. पडद्यावर, फ्लाइट सिम्युलेटरमध्ये, आपला राजा भोज विमानतळ होता, पण टर्मिनलच्या छपरातून दुसऱ्या एका टर्मिनलचा कोपरा वर आलेला. विमानं उभी करायच्या फरशीवरचे दिव्यांचे खांब कंबरेपर्यंत जमिनीत गाडलेले. धावपट्टी मधेच चादरीला घडी पडावी तशी खचलेली, आणि त्याच्या सेसनाचं पुढचं चाक त्या घडीत गेलं की विमान कलंडायचं. त्या दुपारी त्याने एकापाठोपाठ अकरा ॲड-ऑन, म्हणजे सिम्युलेटरला बाहेरून जोडायच्या वस्तू, टाकले होते. कोणतं कुठे टाकलं आणि कशाच्या आधी काय टाकलं, ते त्याला आता सांगता येत नव्हतं.

रात्री साडेदहाला विमानतळ जागेवर आला. मी बसले त्या चार तासांतलं खरं काम पंधरा मिनिटांचं होतं. बाकीचा वेळ काय टाकलंय ते शोधण्यात गेला. म्हणून हा लेख. ॲड-ऑन टाकणं अवघड नाही. पण प्रत्येक वस्तू अशी टाका, की उद्या ती एकटीच, बाकी कशालाही धक्का न लावता काढून घेता येईल. पुढचं सगळं या एका गोष्टीसाठी आहे.

भोपाळसारख्या शहरात राहणाऱ्यांना हे जास्त लागू पडतं. मुंबई, दिल्लीसारख्या मोठ्या विमानतळांच्या सिनरी, म्हणजे तयार देखावे, विकत मिळतात, त्यांच्यासोबत इन्स्टॉलर येतो आणि तो सगळं जागच्या जागी ठेवतो. आपल्या गावाचा विमानतळ बहुधा कुणीतरी हौसेने, रात्री जागून तयार करतो आणि फुकट देतो. तो येतो झिप फाइलमध्ये. कुठे ठेवायचा ते आपल्यालाच ठाऊक असावं लागतं. मूळ सिम्युलेटरमध्ये भोपाळ असतोच. धावपट्टी १२/३० असते, तिची सुमारे पावणेतीन किलोमीटर लांबीही असते. पण २०११ मध्ये सुरू झालेलं टर्मिनल ओळखीचं दिसेलच असं नाही. आपल्या गावात उतरताना आपलं गाव ओळखता यावं, ही इच्छा मला पूर्ण समजते.

डाउनलोड करण्याआधी तीन गोष्टी बघा. पहिली, सिम्युलेटर कोणता आणि कोणत्या आवृत्तीचा. मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरची २०२० ची आवृत्ती वेगळी, नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेली वेगळी. जुन्यासाठी केलेलं बरंच काही नव्यात चालतं, सगळं चालत नाही. एक्स-प्लेन ११ आणि १२ यांचंही तसंच. दुसरी, विमानतळाचं चार अक्षरी सांकेतिक नाव. भोपाळ व्हीएबीपी, मुंबई व्हीएबीबी. शेवटच्या एका अक्षराचा फरक आहे, आणि घाईत बी आणि पी सारखेच दिसतात. वडोदरा व्हीएबीओ, भावनगर व्हीएबीव्ही. नाव वाचताना बोट ठेवून वाचा. तिसरी, या ॲड-ऑनला आणखी काय लागतं. सिनरी करणारे झाडं, गाड्या, कुंपणं असं सामान स्वतः बनवत बसत नाहीत, सामायिक लायब्ररीतून घेतात. ती लायब्ररी तुमच्याकडे नसेल तर अर्धा विमानतळ दिसणारच नाही. हे सगळं झिपमधल्या रीडमी फाइलमध्ये लिहिलेलं असतं. ती दोन मिनिटं वाचा. पुढे एखादी संध्याकाळ वाचते.

उन्हाळ्यात आमच्याकडे संध्याकाळी वीज जाते, आणि डाउनलोड नव्वद टक्क्यांवर असताना राउटर बंद पडतो. परत सुरू केल्यावर फाइल पूर्ण झालेली दिसते, पण आतून कधी कधी खराब असते. सेव्हन-झिप हा फुकटचा प्रोग्राम ठेवा. त्यात झिप न उघडता 'टेस्ट' करायची सोय आहे. तिथे चूक दिसली तर फाइल पुन्हा उतरवा.

झिपऐवजी चालवायची फाइल, म्हणजे ईएक्सई, आली तर जास्त सावध राहा. 'आधी अँटिव्हायरस बंद करा' अशी सूचना दिसली की मी थांबते. २०१८ च्या फेब्रुवारीत फ्लाइट सिम लॅब्ज या कंपनीच्या एअरबस ए३२० च्या इन्स्टॉलरमध्ये क्रोम ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड काढू शकणारी एक फाइल सापडली. चोरीचा परवाना क्रमांक वापरणाऱ्याला पकडण्यापुरतीच ती होती, असं कंपनीने सांगितलं. ओरड झाल्यावर ती काढून टाकली गेली. ते विमान पैसे देऊन घेतलेलं होतं, कुठल्या कोपऱ्यातून उचललेलं नव्हतं. तेव्हा फुकट असो वा विकत, अँटिव्हायरस चालूच ठेवा. त्याने एखादी फाइल अडवली तर ती कोणती आणि का, ते बघून मगच परवानगी द्या. चोरीच्या प्रतीचा विचारही करू नका. ज्या माणसाने वर्षभर बसून विमानाचं एकेक बटण जिवंत केलं, त्याचे पैसे त्याला मिळायला हवेत.

आता मांडणी. सिम्युलेटर सी ड्राइव्हवर असला तरी ॲड-ऑनसाठी दुसऱ्या ड्राइव्हवर एक वेगळं फोल्डर करा. मी त्याला गोदाम म्हणते, पण संगणकावर नाव रोमन लिपीत, छोटं आणि मधे जागा न सोडता द्या. त्यात विमानतळ, विमानं, रंगसंगती, लायब्ररी असे चार खाने. उतरवलेली मूळ झिपही इथेच एका पाचव्या खान्यात ठेवा. ती साइट उद्या बंद पडली तर तुमच्याकडे प्रत असेल. नाव छोटं ठेवायचं कारण साधं आहे. विंडोजमध्ये फाइलचा पूर्ण पत्ता साधारणपणे २६० अक्षरांपुरताच चालतो. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घेतलेल्या सिम्युलेटरचा पत्ता मुळातच इतका लांब, की आतली एखादी खोलवरची फाइल उघडताना गळून जाते आणि कुणी धड सांगतही नाही. झिप गोदामात उघडा, डेस्कटॉपवर नको.

मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये बाहेरून आणलेलं जवळजवळ सगळं एकाच जागी जातं, ती म्हणजे कम्युनिटी नावाचं फोल्डर. स्टीमवरून घेतलेल्या २०२० च्या आवृत्तीत ते ॲपडेटाच्या रोमिंगमध्ये सापडतं, स्टोअरच्या आवृत्तीत ॲपडेटाच्या लोकलमध्ये, पॅकेजेसच्या आत बरंच खोल. ॲपडेटा विंडोजने लपवलेलं असतं, म्हणून मुलांना ते दिसतच नाही आणि ती भलत्याच ठिकाणी नवं कम्युनिटी फोल्डर बनवतात. इन्स्टॉल करताना तुम्ही जागा बदलली असेल तर खरा पत्ता यूजरसीएफजी नावाच्या फाइलच्या अगदी शेवटच्या ओळीत असतो. फाइल नोटपॅडमध्ये उघडा, ओळ वाचा, काही न बदलता बंद करा. मग त्या कम्युनिटी फोल्डरचा शॉर्टकट डेस्कटॉपवर ठेवून द्या. शेजारी ऑफिशियल नावाचं फोल्डर असतं. ते सिम्युलेटरचं स्वतःचं आहे, त्यात आपला हात कधीच घालायचा नाही.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक इथे होते. झिप उघडली की फोल्डर येतं, त्यात त्याच नावाचं आणखी एक फोल्डर, आणि त्यात खरा माल. बाहेरचं फोल्डर कम्युनिटीत टाकलं तर सिम्युलेटरला काहीच दिसत नाही. ओळखायची खूण ही: ज्या फोल्डरमध्ये मॅनिफेस्ट आणि लेआउट या दोन जेसन फाइली उघड्यावर दिसतात, तेच फोल्डर उचलायचं. वरचंही नको, खालचंही नको. एका झिपमध्ये अशी दोन-तीन फोल्डर असतील तर प्रत्येक वेगवेगळं जातं. लेआउट फाइल म्हणजे त्या पॅकेजच्या सामानाची यादी. आतली एखादी फाइल तुम्ही स्वतः बदलली किंवा नवी टाकली आणि यादीत नोंद नसेल, तर सिम्युलेटर ती फाइल नाहीच असं धरून चालतो. म्हणून आत खोडसाळपणा करू नका. करायचाच असेल तर लेआउट नव्याने बनवणारा छोटा प्रोग्राम मिळतो, तो वापरा.

पण गोदामातलं सामान कम्युनिटीत कॉपी करायचं का? माझं मत, नको. ॲडऑन्स लिंकर नावाचा एक फुकट प्रोग्राम आहे. सामान गोदामातच राहतं आणि कम्युनिटीत फक्त त्याची दुवा-फाइल जाते. सिम्युलेटरला वाटतं सामान इथेच आहे. त्या प्रोग्रामच्या यादीत वस्तूसमोरची बरोबरची खूण काढली की दुवा जातो, सामान जागेवर राहतं. भोपाळहून इंदूरला उडायचंय तर तेवढे दोन विमानतळ आणि एक विमान चालू ठेवा, बाकीचे पन्नास बंद. सुरू व्हायलाही कमी वेळ लागतो. एक लक्षात ठेवा, कम्युनिटी फोल्डर सिम्युलेटर सुरू होतानाच वाचलं जातं. बदल केला की बंद करून पुन्हा सुरू करायचं.

भाच्याच्या संगणकावर नेमकं काय झालं होतं? त्याने भोपाळची एक स्वतंत्र सिनरी टाकली होती, आणि नंतर अनेक विमानतळांचा एक मोठा संच. त्या संचातही भोपाळ होता. दोन कारागिरांनी एकाच प्लॉटवर दोन घरं बांधली. शिवाय दोघांनी जमिनीची उंची वेगवेगळी धरली होती. आपला विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे सतराशे फुटांवर आहे आणि आजूबाजूला टेकड्यांचा चढउतार आहे. एकाने धावपट्टी सपाट केली, दुसऱ्याने जमीन जशीच्या तशी ठेवली, आणि दोन्हींच्या सांध्यात ती घडी पडली. संचातला भोपाळ बाजूला काढला, घडी गेली. एका विमानतळाला एकच सिनरी, हा नियम गोदामाच्या दारावर लिहून ठेवावा असा आहे.

एक्स-प्लेनमध्ये वाटा वेगळ्या आहेत, आणि मला त्या जास्त आवडतात, कारण तिथे काहीच लपवलेलं नसतं. विमान एअरक्राफ्ट फोल्डरमध्ये, सिनरी कस्टम सिनरीमध्ये, प्लगइन रिसोर्सेसच्या आतल्या प्लगइन्समध्ये. दिशादर्शनाची माहिती, जी जगभर दर २८ दिवसांनी नव्याने निघते, ती कस्टम डेटामध्ये. पण सिनरीचा क्रम इथे फार महत्त्वाचा. कस्टम सिनरीत सिनरी पॅक्स नावाची एक साधी मजकुराची फाइल असते. तिच्यात जो वर, त्याचं म्हणणं खरं. वर बाहेरून आणलेले विमानतळ, मग सिम्युलेटरचे स्वतःचे विमानतळ, मग लायब्ररी, मग रस्ते-इमारतींचे थर, आणि अगदी तळाला उपग्रहचित्रांची जमीन. जमीन वर गेली की तिच्याखालचे विमानतळ झाकले जातात. एक्स-प्लेन नवी आलेली वस्तू या यादीत सगळ्यात वर घालतो. म्हणून भोपाळची जमीन टाकली की भोपाळचा विमानतळ नाहीसा होतो आणि माणूस म्हणतो, सिनरी बिघडली. बिघडलेलं काही नसतं. ती ओळ कापून तळाला चिकटवायची, एवढंच.

ही जमीन एक अंश लांबी-रुंदीच्या चौकोनांत मिळते, आणि चौकोनाचं नाव त्याच्या नैऋत्य कोपऱ्यावरून पडतं. भोपाळचा चौकोन अधिक २३, अधिक ०७७. साँचीचा स्तूपही त्यातच येतो. पण भीमबेटका थोडं दक्षिणेला असल्याने अधिक २२, अधिक ०७७ मध्ये गेलं. इंदूर अधिक २२, अधिक ०७५. अख्खा मध्य प्रदेश एकदम उतरवू नका. हे चौकोन डिस्कवर भरपूर जागा खातात. आधी भोपाळचा एकच घ्या, मोठा तलाव आणि वनविहार ओळखू येतात का बघा, मग पुढचा. ऑर्थोफोरएक्सपी या प्रोग्रामने स्वतः केलेल्या चौकोनांच्या नावात सुरुवातीला झेड अक्षर असतं. ते मुद्दाम आहे. यादी पुसून नव्याने तयार झाली तर वर्णानुक्रमे लागते, आणि झेड आपोआप तळाला बसतो. हे नाव बदलून 'भोपाळ' करणाऱ्यांनी स्वतःहून अडचण ओढवून घेतलेली असते.

एखादी सिनरी तात्पुरती नको असेल तर यादीत तिच्या ओळीच्या सुरुवातीच्या शब्दांना 'डिसेबल्ड' जोडता येतं. फोल्डर पुसायची गरज नाही. आणि काही चुकलं तर एक्स-प्लेनच्या मुख्य फोल्डरमधली लॉग फाइल उघडा. दर वेळी ती नव्याने लिहिली जाते, आणि कोणती वस्तू सापडली नाही ते तिच्यात नावानिशी असतं. त्या नावावरून कोणती लायब्ररी राहिली ते लगेच कळतं. संगणकवाल्याला बोलावण्याआधी ही फाइल वाचा.

ज्यांचे संगणक जुने आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. २००६ चा फ्लाइट सिम्युलेटर एक्स अजून कित्येक घरांत चालतो. तो प्रोग्राम फाइल्समध्ये न टाकता सरळ ड्राइव्हवर टाका, नाहीतर विंडोज प्रत्येक बदलाला अडवतं. सिनरी टाकताना फोल्डरमध्ये सिनरी आणि टेक्स्चर अशी दोन फोल्डर हवीत, आणि सिनरी लायब्ररीत ते बाहेरचं फोल्डर निवडायचं. निवडलं तरी नोंद होत नाही, असं झालं तर खिडकीतल्या रिकाम्या पांढऱ्या जागेवर एकदा क्लिक करून मग ओके दाबा. नव्या विंडोजवर ही खोड आहे. हा सिम्युलेटर ३२ बिटांचा आहे, चार जीबीपलीकडची मेमरी त्याला वापरता येत नाही. जड सिनरी त्याच्यावर लादू नका. पैसे नसतील तर फ्लाइटगिअर पूर्ण फुकट आहे, आणि जमीन तो उडता उडता स्वतःच उतरवून घेतो. बाहेरून आणलेली विमानं त्याच्या मूळ फोल्डरमध्ये न घालता वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, आणि लाँचरच्या ॲड-ऑन पानावर त्या फोल्डरचा पत्ता द्या. नवी आवृत्ती आली तरी विमानं तशीच राहतात.

आता टाकल्यावरची तपासणी. एका वेळी एकच ॲड-ऑन टाका, सिम्युलेटर सुरू करा, बघा, वहीत लिहा. तारीख, नाव, आवृत्ती, कुठून आणलं, कुठे ठेवलं. पाच रकाने पुरतात. विमानतळ असेल तर सेसना धावपट्टी १२ च्या टोकाला उभी करा. आकडे सरळ आहेत का, दिवे जमिनीवर आहेत का, टॅक्सीवेवर कुठे इमारत तर उगवली नाही ना. मग हळूहळू धावपट्टीवरून चालवत पार ३० च्या टोकापर्यंत जा. घडी असेल तर चाकाला कळते. परत वळून उड्डाण करा आणि एक फेरी मारून ३० वर उतरा. आग्नेयेकडून येताना मोठा तलाव डावीकडे राहायला हवा. तो उजवीकडे दिसला तर तुम्ही भलत्याच बाजूने येताय.

वही ठेवली नसेल आणि दोषी सापडत नसेल तर अर्धे-अर्धे करा. ३२ ॲड-ऑन असतील तर १६ बंद करा. दोष गेला तर तो बंद केलेल्यांत आहे, राहिला तर चालू असलेल्यांत. मग आठ, चार, दोन, एक. पाच वेळा सुरू-बंद केलं की दोषी हातात येतो. एकेक काढत बसलात तर बत्तीस वेळा. सिम्युलेटर कोसळल्यानंतर २०२० ची आवृत्ती 'सेफ मोड'मध्ये सुरू करू का, असं विचारते. हो म्हणा. त्यात कम्युनिटी बंद असतं. तिथे सगळं नीट चाललं तर दोष नक्की ॲड-ऑनमध्ये आहे.

सेफ मोडमध्येही कोसळलं तर? मग भोपाळच्या मे महिन्याकडे बघा. बाहेर ४३ अंश, खोलीत पंखा, संगणक भिंतीला चिकटून लाकडी खान्यात, जाळीवर वर्षाची धूळ. ग्राफिक्स कार्ड तापलं की सिम्युलेटर बंद पडतो, आणि आपण निष्पाप सिनरी पुसून टाकतो. त्याच भाच्याचा संगणक आठ दिवसांनी पुन्हा बंद पडायला लागला, नेमका दुपारी, सकाळी कधीच नाही. खान्याबाहेर काढला, धूळ झटकली, थांबलं. वेळ लिहून ठेवल्यामुळे ते कळलं.

सिम्युलेटरची मोठी नवी आवृत्ती येणार असेल तेव्हा आधी सगळे दुवे काढून कम्युनिटी रिकामं करा, आवृत्ती चढू द्या, एकदा रिकाम्यानेच उडून बघा. मग एकेक परत जोडा. गोदाम असेल तर हे दहा मिनिटांचं काम आहे. आणि ज्याचं ॲड-ऑन वापरता, त्याच्या पानावर नवीन आवृत्ती आली का तेही तेव्हाच बघून घ्या. चूक सापडली तर त्याला नीट कळवा: सिम्युलेटरची आवृत्ती, काय केलं, काय दिसलं, चित्र. 'चालत नाही' एवढंच लिहिलं तर तो बिचारा काय करणार?

शेवटची परीक्षा लांब उड्डाणाची. मेमरीचे घोटाळे जमिनीवर दिसत नाहीत, अर्ध्या तासानंतर दिसतात. इंदूरच्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावरून भोपाळ सरळ रेषेत सुमारे ९० नॉटिकल मैल. देवास डावीकडे ठेवून, आष्ट्यावरून, सिहोरच्या बाजूने. सेसनाला पाऊण तासाच्या वर लागतो. भाच्याने त्या रात्री अकराच्या पुढे इंदूरहून उड्डाण केलं. बहीण दोनदा झोपायला सांगून गेली. सिहोर ओलांडल्यावर तलावाची कड चमकली, त्याने वेग कमी केला, धावपट्टी १२ समोर आली, सपाट, सरळ, मधे घडी नाही. उतरल्यावर इंजिन बंद करून त्याने वहीचं पहिलं पान काढलं आणि तारीख लिहिली.